जिभेवरची निळी पट्टी

अमेरिकेत मिनेसोटातल्या एका गावात रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कॅन्सर पळून जाताना उघड्या डोळ्यांनी दिसणार होता, तोही रंगीत!

आहारगुरू टॅनर वॉस यांनी कॅन्सरमधून उठलेल्यांना ओळीने बसवलं. "आधी मुखशुद्धी!" म्हणत प्रत्येकाला लिंबाची फोड चोखायला लावली. मग जिभेवर आम्ल ओळखणाऱ्या कागदाची पट्टी. ती लालसर झाली.

"बघा, आम्ल! कॅन्सरचा खुराक!"

मग गुरूंच्या हिरव्या भुकटीचं पेलाभर पाणी पोटात, नवी पट्टी जिभेवर, आणि ती निळीशार! टाळ्यांचा कडकडाट झाला. भुकटीचे डबे अर्थातच दाराशी मांडलेले होते.

आर्डिस टॉलेफसन दातओठ खात बघत होती. तिची धाकटी बहीण मार्वेल स्तनाच्या कॅन्सरमधून वाचलेली. आता या भुकटीवर जगून गालफडं बसलेली.

"गोळी घेतलीस ना आज?" आर्डिसने तिला विचारलं.

"अगं, गोळीनं आम्ल वाढतं म्हणे. महिना झाला सोडून."

हा आजार परतू नये म्हणूनच तर ती गोळी होती. आर्डिस तडक पुढे गेली. तीस वर्षं ती जत्रेतल्या स्पर्धेत घरी बरणीबंद केलेल्या पदार्थांची परीक्षक होती. टोमॅटोत आंबटपणा कमी पडला तर बरणीत विष तयार होतं, म्हणून असल्या पट्ट्या तिच्या रोजच्या हाताखालच्या.

"एक पट्टी द्या की, महाराज." तिने ती भुकटीच्या पाण्याच्या, कुणीही न उष्टावलेल्या पेल्यात बुडवली. निळी! "अरे वा! पेल्याचाही कॅन्सर बरा झाला!"

लोक हसले. तिने जेवणाच्या टेबलावरच्या काकडीच्या लोणच्यातलं व्हिनेगर पेल्यात ओतलं. फस्सकन फेस वर आला.

"बाई, ती दिव्य ऊर्जा..."

"खायचा सोडा आहे हा, बाळा! आधी लिंबू, मग सोडा. तू तोंडात घातलंस तेच पट्टीनं दाखवलं. रक्त कुठं तपासलंस? रक्तातलं आम्ल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. तुझ्या भुकटीला तिथं कोण विचारतंय?"

मार्वेल रडवेली झाली. "मला वाटलं, निदान काहीतरी माझ्या हातात आहे."

"आहे की! भाज्या, कडधान्यं, अख्खं धान्य खा. सॉसेज आणि दारू कमी कर, रोज चाल. त्यानं अंगात बळ येतं, फायदाही होऊ शकतो. पण पथ्य औषधाच्या जोडीला असतं गं, औषधाच्या जागी नाही. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारावं, तपासलं काय आणि कसं?"

मार्वेलने तिथेच दवाखान्यात फोन लावला. नर्सने फोन उचलला.

"मी महिनाभर गोळी घेतलेली नाही," मार्वेल म्हणाली. "आता काय करू?"