भिंतीची धर्मआई

नगरसेवक तेओदुलो सकाळी नगराध्यक्षांचा फोटो घेऊन आला आणि अर्ध्या रंगवलेल्या भिंतीच्या बरोब्बर मधोमध बोट ठेवून म्हणाला, साहेब इथे. हातात नळ, नळाला धो धो पाणी आणि खाली मोठ्या अक्षरांत त्यांच्या कारकिर्दीची सालं.

निएवेस तेव्हा परांचीवर नव्हती हे त्याचं नशीब. तिच्या हातात निळ्या रंगाचा डबा होता आणि तेओदुलोचे बूट नुकतेच पॉलिश केलेले होते.

निएवेस अरेकिपा शहराची. वय एक्कावन्न. चित्रकलेची शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. बसच्या पाठी आणि दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ती भिंतींवर आली, आणि गेली बारा वर्षं बोलावणं येईल त्या गावी जात होती. उल्पुमार्काच्या नगरपालिकेनं पत्र पाठवलं होतं: देवीच्या उत्सवाआधी बाजाराची मागची भिंत रंगवा, विषय, गावात पाणी कसं आलं ते.

पाणी कुणी आणलं, हे तिनं आधी बाजारात विचारलं. पुरुष खाणीवर गेलेले, म्हणून बायकांनी सात महिने दर रविवारी डोंगरातल्या झऱ्यापासून चर खणला होता. नगराध्यक्ष एकदाच आले होते, नळ सोडायला. तोही त्यांनी उलटा फिरवला. म्हणून निएवेसनं अकरा बायका काढल्या, डोक्याला टोप्या आणि हातात कुदळी. साहेबांना जागाच नव्हती.

तिनं तेओदुलोला तसं सांगितलं. जरा जास्तच स्पष्ट सांगितलं. दुपारपर्यंत परांची गायब झाली, म्हणे दुसऱ्या कामाला हवी होती. धर्मशाळेतली तिची खोलीही अचानक कुणा पाहुण्यासाठी राखून ठेवलेली निघाली. उत्सवाला चार दिवस राहिले होते.

रागानं तिचे कान तापले होते. तशीच ती बाजारात सातुर्निनाबाईच्या बाकड्यावर जाऊन बसली. मेंढीच्या डोक्याचा रस्सा विकणारी ही म्हातारी त्या अकरांतलीच एक. निएवेसनं घडलेलं सगळं सांगितलं, मधेमधे लिहिता येणार नाहीत असे शब्द घालून. उद्याच्या बसनं जाते म्हणाली.

सातुर्निनानं वाडगा तिच्यापुढे सरकवला, वर एक काळा वाळवलेला बटाटा टाकला आणि विचारलं, "भिंतीची धर्मआई कोण?"

निएवेसला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण म्हातारी हसत नव्हती. या डोंगरांत बारशापासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यालाच धर्मआई नाहीतर धर्मबाप लागतो, खर्च उचलणारा आणि लेकरासारखं जपणारा. लग्नाच्या केकलासुद्धा लागतो. निएवेस स्वतः अरेकिपात एका मालट्रकची धर्मआई होती, दर वर्षी त्याला हार घालायची. आणि आजवर चाळीस भिंती रंगवल्या, त्यातल्या एकीलाही तिनं कुणी नेमलं नव्हतं.

"तरीच," सातुर्निना म्हणाली. "बेवारशी लेकरू. त्याचा बाप व्हायला कुणीही फोटो घेऊन येणार. मी होते त्याची धर्मआई."

निएवेस म्हणाली, मावशी, मला कुणाची दया नको. मी भीक मागायला आलेली नाही.

सातुर्निनानं पळी खाली ठेवली. आता तिचा आवाज चढला. "दया? दया कोण करतंय तुझ्यावर? धर्मआईला हक्क असतो. चुकलीस तर कान धरीन. फुकटची दया करायला मी काय नगरपालिका आहे?"

निएवेस वाडगा उचलून रस्सा प्यायली.

संध्याकाळच्या आत खाटीक एलेउतेरियो फळ्यांचा धर्मबाप झाला. मांस कापायची टेबलं त्यानं घासून पुसून परांचीऐवजी भिंतीपाशी आणली, वास मात्र तसाच राहिला. टोप्या विकणारी फोर्तुनाता बिछान्याची धर्मआई झाली. निएवेस तिच्या दुकानात टोप्यांच्या चळतींमध्ये झोपू लागली. हिरव्या रंगाला कुणी मिळालं, विटकरीला कुणी. आणि सगळेच हक्क बजावायला येऊ लागले. माझी कंबर एवढी नाही. कुदळ असं धरतात होय? फोर्तुनाता तर कमरेवर हात ठेवून उभीच राहिली: टोपीवरचं फूल डाव्या बाजूला काढलंयस, ते अविवाहित पोरींचं, माझा नवरा अजून जिवंत आहे. निएवेस चिडायची, भांडायची आणि फूल उजवीकडे न्यायची.

उत्सवाच्या सकाळी नगराध्यक्ष अंगावर पदाचा पट्टा घालून आले. रेशमी फीत बांधलेली बाटली आणली होती, उद्घाटनाला भिंतीवर फोडायला, आणि स्वतःच्या नावाची एक संगमरवरी पाटी. पण बाटली फोडायचा मान धर्मआई-धर्मबापांचा. एकोणीस जण मक्याच्या दारूची मडकी घेऊन रांगेत उभे होते. शेवटचं मडकं फुटलं तेव्हा सातुर्निनानं ध्वनिक्षेपकासमोर जाऊन अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, आपण कशाचे धर्मबाप?"

साहेबांनी तेओदुलोकडे पाहिलं. तेओदुलो पुटपुटला, परांचीचे.

पहिला हसला तो खाटीक. मग सगळा चौक.

"ती तर तुम्ही परत नेलीत," सातुर्निना म्हणाली. "एकच जागा उरलीय. झाडूची."

फुटक्या मडक्यांची खापरं सगळीकडे पसरली होती. कॅमेरे रोखलेले होते. साहेबांनी झाडू घेतला, दात दाखवले, दोनदा फिरवला आणि तेओदुलोच्या हातात दिला. पाटी जीपमध्ये पालथी गेली.

दुसऱ्या दिवशी निएवेस बसच्या पायरीवर चढली तेव्हाही तिचा राग पुरता उतरला नव्हता. आता तो तिचा स्वतःवरच होता. त्या चाळीस भिंतींतल्या किती भिंतींवर तिनं नळ धरलेले साहेब निमूटपणे काढून दिले होते!

सातुर्निना धापा टाकत आली आणि तिनं चीज आणि बटाट्यांचं गाठोडं निएवेसच्या हातात कोंबलं. "कोमाद्रे," तिनं हाक मारली. लेकराची आई आणि धर्मआई एकमेकींना हाक मारतात ती ही. या गावात निएवेसला तशी हाक कुणी पहिल्यांदाच मारत होतं.

"काय गं कोमाद्रे?" निएवेसचा आवाज जरा चिरकला.

"रडू नकोस, भांडायला आलेय." म्हातारीनं डावा अंगठा तिच्या नाकासमोर धरला. त्याला नख नव्हतं. चर खणताना कुदळीखाली गेलेलं. "भिंतीवर तू मला नख काढलंयस. मी ते दिलंय त्या पाण्याला. साहेबाला खोटं काढलं नाहीस, मग मला का काढतेस?"

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. निएवेसनं त्याला लिहिता येणार नाही असं काहीतरी सुनावलं आणि गाठोड्यासकट, ब्रशांच्या पिशवीसकट खाली उतरली.