लाल कडुनिंब

विमानातून काढलेले फोटो जोडीने भिंगाच्या जोडकाचांखाली ठेवले की इंदूर उभं राहायचं. घरं वर यायची, विहिरी खोल जायच्या, माणूस मात्र एक दिसायचा नाही. नकाशा-ऑफिसात लागून श्रीपादला वर्ष झालं, तरी दर वेळी त्याच्या अंगावर काटा यायचाच. मेल्यावर आपल्याला आपली गल्ली अशीच दिसणार, असं त्याला वाटे.

त्यात ही फिल्मही साधी नव्हती. निरोगी झाड तिच्यात लालभडक उतरे, आणि आतून आजारी पडलेलं राखाडी, मग डोळ्यांना ते कितीही हिरवंगार दिसो. त्या दुपारी आपल्या भागाचा, अन्नपूर्णा मंदिराकडचा फोटो लावला आणि तो दचकलाच. रंगाच्या कारखान्यामागून राखाडी झाडांची ओळ निघाली होती, वळणं घेत, जमिनीखालून कुणी चालत आल्यासारखी. आणि ती त्याच्याच घराकडे येत होती! शेजारच्या चिंचेपाशी मात्र थांबली होती. त्याच्या अंगणातल्या विहिरीवरचा कडुनिंब लालबुंद होता.

"वाचलो रे बाबा! शेजारच्या चिंचेपाशीच थांबलंय," तो म्हणाला. आज घरी जलवा-पूजन होतं. मालवी शेजारणींकडून घरात आलेली ही रीत. बाळंतीण विहीर पुजते, पाणी शेंदते. सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्यात आपली भर घातली होती: पहिला घोट बाळंतिणीचा.

पलीकडच्या टेबलावरून शरदने मान उचलली. "चिंच? भिया, वो तो कब की सूख गई. परवा तुझ्याकडे आलो तेव्हा नुसत्या काड्या उभ्या होत्या."

श्रीपादने फोटोच्या कडेवरची तारीख पाहिली. रोज त्या वठलेल्या चिंचेखालून सायकल काढायची, आणि विश्वास ठेवायचा काचेतल्या चिंचेवर! आता ह्याला काय म्हणावं? फोटो मागच्या हिवाळ्यातला होता. तेव्हा राखाडी होती ती चिंच आज वठली. मग तेव्हा लाल होता तो कडुनिंब आज कुठवर आला असेल?

त्याने सायकल अशी हाणली की धाप लागली. अंगणात बायका गात होत्या. वर कडुनिंब हिरवागार, पण त्याच्यात चिटपाखरू नव्हतं. यंदा एकाही कावळ्याने तिथे घरटं बांधलं नव्हतं, हे त्याला आत्ता आठवलं. पिवळ्या साडीतल्या त्याच्या बायकोने, रमाने, लोटी ओठाला लावली होती.

त्याने ती हाताने उडवली.

"पागल झालास का रे!" सुलोचनाबाई कडाडल्या. "शुभकार्यात अपशकुन!"

"पाणी खराब आहे, आई. कारखान्याचं विष आलंय."

सगळ्यांनी वर पाहिलं. "इतकं हिरवं झाड आणि विष? कुछ भी!" एक शेजारीण हसली.

रमा हसली नाही. ओल्या साडीने तशीच उभी राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पण हे पाणी मला कधीपासूनच तुरट लागतंय. बाळ पोटात होतं तेव्हापासून. आई म्हणाल्या, अशा दिवसांत तोंडाची चवच जाते."

 सुलोचनाबाईंच्या मांडीवरचं बाळ भुकेने रडू लागलं. रमाने सवयीने त्याला उचललं, पदराखाली घेतलं, आणि पाजायच्या आधीच श्रीपादकडे बघत तशीच थांबली.