हवालदाराचं मडकं फसफसेना

सहादेव हवालदारानं मडक्याला कान लावला, डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला. आत चिडीचूप. पेटीभर सफरचंदांचा रस पोटात घेऊन मडकं असं बसलं होतं, जसा काही त्याचा आणि कुणाचा संबंधच नाही.

"काय म्हनतंय?" चुलीपुढून गोजरबाईनं विचारलं.

"काय म्हननार?"

"मग कान कशाला लावताय? सरबत कुटं बोलत असतंय व्हय?" असं म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापायला घेतली. फौजेतून आलेला माणूस जरा वेडसर असतो, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं.

आता हे सरबत नव्हतं, ही गोष्ट सोनईत फक्त दोघांना ठाऊक होती. एक स्वतः सहादेव आणि दुसरा शेजारचा छगन, ज्याला असल्या विषयातलं जरा जास्तच कळायचं. बायकोपुढं 'दारू' हा शब्द काढायची हवालदाराची छाती झाली नाही. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगांवरून ट्रक नेणारा गडी, पण गोजरबाईपुढं त्याची बोबडी वळायची. म्हणून पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "पाहुन्यासाठी सरबत हाय. दसऱ्यापातुर नीट ऱ्हायला पायजे. जपायचं."

पाहुणा म्हणजे कुलूकडचा तेजराम. दोघं एकाच ट्रकवर होते. ट्रक उडाला तेव्हा पेटत्या केबिनमधून सहादेवला ओढून काढणारा तेजराम, आणि त्यात ज्याचा उजवा हात गेला तोही तेजरामच. इस्पितळात तो तापात बरळायचा, "माँ की साइडर!" त्याचा बाप इंग्रज साहेबाच्या बागेत माळी होता, तिथून ही साइडर, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू, त्यांच्या घरात आली. तेजराम खाटेवर पडलेला असतानाच त्याची आई गेली. तोंड बघायलाही जाता आलं नाही. त्या दिवशी तेजराम हुंदके देऊन रडला. म्हणाला, आता ती चव संपली. सहादेव तिथल्या तिथं बोलून बसला, "संपली कशी? तू माझ्या घरी ये. मी पाजतो."

बोलायला काय जातंय! पण तेजरामनं शब्द पक्का धरला. दसऱ्याला शिर्डीला येतो, तिथून तुझ्याकडे येतो, असं कळवून त्यानं लाकडी पेटीभर सफरचंदं रेल्वेनं धाडून दिली. करायची कृती इस्पितळातच सांगून झाली होती: कुटायचं, पिळायचं, मडक्यात भरायचं, बाकी ते आपलं आपण फसफसतं. ज्यानं आपल्यासाठी हात घालवला, त्याला आईच्या हातची चव द्यायची. एवढं एक काम नीट झालं की सहादेवला गंगेत न्हाल्यासारखं होणार होतं.

पेटी श्रीरामपूरहून एस्टीच्या टपावरून सोनईत आली आणि गावात चर्चा सुरू झाली. सफरचंद म्हणजे आजाऱ्याला न्यायचं फळ, एवढंच लोकांना माहीत. अख्खी पेटी आली म्हणजे हवालदाराच्या घरात कुणीतरी अगदी शेवटच्या घटका मोजत असणार! गल्लीतली छबूबाई तर डोळ्याला पदर लावूनच दारात आली. गोजरबाई धडधाकट उभी बघून बिचारीचा हिरमोडच झाला. तिला दोन सफरचंदं देऊन वाटेला लावली आणि उरलेली सहादेवनं उखळात कुटली, धुवट धोतरातून पिळली आणि मडक्यात भरली.

आणि मडकं बसलं मौन धरून.

छगनला बोलावणं गेलं. तो आला, मडक्याभोवती वैद्यासारखा फिरला, पेलाभर रस प्याला आणि म्हणाला, "थंडी वाजतीय त्याला."

मडक्याला गोधडी गुंडाळली. काही नाही. छगननं पुन्हा पेलाभर पिऊन निदान केलं, गूळ घाला. गूळ घातला. रस गोड झाला, पण बुडबुडा म्हणून येईना. "मडकंच वंगाळ," असं तिसऱ्या पेल्यानंतर ठरलं. नवं मडकं आणलं. शेवटी छगन नेवाशाच्या पावभट्टीतून खमीर घेऊन आला. म्हणाला, "ह्यानं मेलेलं बी उठंल." खमीर टाकलं, रात्री दोनचार बुडबुडे आल्यासारखे वाटले, सहादेव आनंदानं झोपला. दुसऱ्या दिवशी शेतावरून येऊन बघतो तर मडकं पुन्हा गप. शिवाय रस पहिल्यापेक्षा लाल आणि कमीही झालेला.

कमी! सहादेवच्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्यानं मडक्याच्या आत चुन्याची रेघ ओढली. दुसऱ्या संध्याकाळी रस रेघेच्या खाली. तडक छगनचं दार.

"छगन, खरं सांग. मी शेतावर गेलो की तू येतोस न्हवं?"

छगनचा चेहरा असा पडला की बघवेना. "हवालदार, मी पितो. सगळ्या गावाला म्हाईत हाय मी पितो. पन चोरून? आन् तेबी सरबत? लई लागलं बगा मनाला." आणि त्यानं दार लावून घेतलं. सहादेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सहादेव मळ्यात पाणी देत होता, तर वीज गेली आणि विहिरीवरची मोटर बंद पडली. एरवी त्यानं लाईनमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज मनच थाऱ्यावर नव्हतं. उद्या तेजराम येणार, आणि त्याच्यापुढं ठेवायचं काय? तो भरदुपारी घरी आला. दारातच सफरचंदाचा गोड वास आला. आत बघतो तर मडकं रिकामं, चुलीवर दुधाचं मोठं पातेलं, पातेल्यात रस रटरटतोय आणि गोजरबाई पळीनं ढवळतेय.

"सरका, उतू जातंय," ती म्हणाली.

"अगं, ह्ये काय चाललंय?"

"काय म्हंजे? उकळी देते. रोजच देते. दुधाला देते तशी. तुमीच म्हनला न्हवं, दसऱ्यापातुर ऱ्हायला पायजे म्हनून? एक दिस सोडला तर आंबून जाईल की!" मग तिचा आवाज जरा चढला. "परवा तर सगळं फसफसाय लागलं हुतं. बरी बगितली मी. चांगली दोन उकळ्या दिल्या तवा गप बसलं. माझ्या घरात आजवर काय नासलं न्हाई, आन् पाहुन्याच्या जिनसाला नासू देईन व्हय?"

सहादेव उंबऱ्यावर बसला. हसावं की रडावं कळेना. महिनाभर ज्या फसफशीची त्यानं चातकासारखी वाट बघितली, ती आली होती आणि या बाईनं मोठ्या कौतुकानं तिचा मुडदा पाडला होता. आणि तिला बोलणार तरी काय तोंडानं? सरबत म्हणून सांगणारा तोच. अखेर त्यानं सगळं खरं खरं ओकून टाकलं.

गोजरबाईची पळी थांबली. "दारू? माझ्या दुधाच्या पातेल्यात?" मग तिनं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. "मला इश्वासात घेतलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तुमाला? आंबील काय आपसूक आंबती ह्या घरात? त्या मानसानं माझं कुकू राखलं. त्यानं इख मागितलं असतं तरी दिलं असतं मी." तिचे डोळे भरले आणि त्याचेही. पण रस काही त्यानं फसफसणार नव्हता.

दसऱ्याला तेजराम आला. उजवी बाही खिशात खोचलेली, चेहरा तोच हसरा. गळाभेट झाली, जेवण झालं, आणि तो बैठक मारून लहान पोरासारखा मडक्याकडे बघायला लागला. आता काय लपवणार? सहादेवनं पेला भरला. तांबूस, घट्टसर, काकवीची धाकटी बहीण. तो पेला त्यानं पाहुण्यापुढं ठेवला.

"तेजराम, माफ कर गड्या. जमलं न्हाई."

तेजरामनं एक घोट घेतला आणि तो थांबला. दुसरा घोट घेतला. मग पेला खाली ठेवून त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. दारात उभी असलेली गोजरबाई दोन पावलं पुढं आली.

"हे कुणी उकळलं?" त्यानं हिंदीत विचारलं.

सहादेवनं बायकोकडे बोट दाखवलं.

तेजराम आधी खुदकन हसला, मग पोट धरून हसला. हसता हसताच म्हणाला, "अरे सहादेवभाई, तापाच्या भरात मी तुला सांगितली ती कृती तर बापाची होती! तो जगाला सांगत फिरायचा, मडक्यात भरा, आपोआप फसफसतं. पण आमच्या घरी ते कधी फसफसलंच नाही. दर साली बाप मडकी बदलायचा, शेजाऱ्यांशी भांडायचा. मी मोठा झालो तेव्हा एकदा आईला चुलीपाशी पकडली. बाप बागेत गेला की रोज उकळायची. म्हणाली, तुझ्या बापाला सांगू नकोस, पिऊन पडेल कुठंतरी. आम्ही पोरं वाढलो ती हीच पिऊन. हीच, अगदी हीच."

गोजरबाईला हिंदी अर्धीमुर्धी कळायची, पण तेवढी पुरली. तिनं पदरानं नाक पुसलं, मडकं उचलून पुढं आणलं आणि पाहुण्याचा पेला काठोकाठ भरला.

"प्या भाऊजी," ती म्हणाली, "तुमची आई लई शानी हुती."