नदी न्हाई

गाडी नंबर

एमएच सोळा, एक्केचाळीस शून्य सात.

पूर्वी आमच्या फळ्यावर एवढंही नसायचं, नुसतं ४१०७. केडगावात पुणे रस्त्याला रंगनाथ शेठची ट्रान्सपोर्टची कचेरी. गाडी रिकामी झाली की ड्रायव्हर यायचा, खडूने शेवटचे चार आकडे लिहायचा आणि नंबर लागेपर्यंत समोरच्या टपरीवर बसायचा. माल आला की शेठ फळा वरून खाली वाचायचे. ज्याचा आकडा वर, त्याला भाडं. एखाद्या व्यापाऱ्याने नाव घेऊन गाडी मागितली तरच रांग मोडायची.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत फळा उतरला. पुण्याच्या एका कंपनीने आमच्याकडे आणि सोलापूर, सुरत धरून आणखी बारा दलालांकडे कॉम्प्युटर बसवले. रोज अकराला आणि चारला फोनची वायर मशीनला लावायची. मशीन किरकिरायचं, आमच्या रिकाम्या गाड्यांची यादी तिकडे जायची आणि तिकडच्या मालाची इकडे यायची. कंपनीचा माणूस म्हणाला, आता ओळखपाळख लागणार नाही, गाडी आणि माल यांची थेट गाठ. मी टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणून खुर्चीत मला बसवलं. फळा मोरीच्या दाराला आडवा लावला. उंदीर येत होते.

कुठून, कुठे

काष्टी ते सुरत. माल लिंबू.

काष्टीच्या कानिफनाथांचं लिंबू दोन वर्षं ४१०७ नेत होती, पण तिचा नंबर त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते फोनवर म्हणायचे, भीमाईवाली पाठवा. गाडीच्या कपाळावर पिवळ्या रंगात ठसठशीत ‘भीमाई’ लिहिलं होतं. काष्टीहून दौंडकडे निघालं की भीमा नदी लागते. कानिफनाथांना वाटलं, नदीचंच नाव. पहिल्या खेपेला त्यांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि बंपरला हात लावून नमस्कार केला.

हे मला महेंद्रने सांगितलं. गाडीचा मालक तोच, ड्रायव्हरही तोच, गाव खर्डा. भीमाई हे नाव त्याच्या वडिलांनी, रखमाजींनी ठेवलेलं, बाबासाहेबांच्या आईचं. मी विचारलं, मग तू कानिफनाथांना सांगितलं का नाहीस?

“त्येंनी इचारलं न्हाई, ताई,” महेंद्र म्हणाला. “आन नमस्कार तर बरोबर जागी केला की.”

सुरतेची खेप तीन दिवसांची. चौथ्या दिवशी तो खर्ड्याला असायचा. रखमाजींचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि त्यांना उचलून अंघोळ घालायला घरात दुसरा पुरुष नव्हता. म्हणून लांबचं भाडं त्याने दोन वर्षांत घेतलं नव्हतं. लिंबू गेलं तर लांब जावं लागणार, एवढं साधं होतं.

टन

दहा. या रकान्यात कधी कुणाला अडचण आली नाही.

मालक

हा रकाना मोकळा सोडता येत नव्हता. मोकळा सोडला की मशीन टुंग करायचं आणि तिथेच थांबायचं.

महेंद्र माझ्या खुर्चीमागे उभा राहून नाव सांगत होता. शेठ पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, नुसतं महेंद्र टाक. मी म्हटलं, कंपनीचा माणूस सांगून गेलाय, आडनाव आधी. खरं तर ‘महेंद्र’ टाकलं असतं तरी मशीनला काय कळणार होतं. पण मला नोकरी लागून आठ दिवस झाले होते आणि काम बिनचूक करायचं होतं.

आडनावाला जागा इंग्रजी दहा अक्षरांची. महेंद्रच्या आडनावाची अक्षरं अकरा. स्क्रीनवर ‘भिंगारदिव’ एवढंच बसलं. महेंद्र वाकून बघत म्हणाला, शेपूट तुटलं की ओ ताई. आम्ही दोघंही हसलो.

शेठ हसले नाहीत.

त्याच आठवड्यात काष्टीचा फोन आला. शेठ बँकेत गेले होते. काष्टीला कॉम्प्युटर नव्हता, तिकडच्या व्यापाऱ्यांना यादी वाचून दाखवायची मीच. पहिलीच गाडी वाचली : एक्केचाळीस शून्य सात, दहा टन, भिंगारदिवे महेंद्र. मशीनने खाल्लेलं अक्षर मी माझ्या तोंडाने भरून काढलं.

“कोन?”

मी परत वाचलं.

“कुठला हाय?”

“खर्ड्याचा.”

“ती नको,” कानिफनाथ म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “हितं तोडीला बाया असत्यात, धा लोकं असत्यात, उगं कुनाचं कायतरी. आपली न्हेमीची पाठव की, बाई. भीमाईवाली.”

मला हसूच आलं. वाटलं, गैरसमज आहे, एका वाक्यात सुटेल. दोन वर्षं ज्याच्या गाडीची वाट बघतात तो हाच, हे कळलं की त्यांनाच ओशाळं वाटेल.

“अहो कानिफनाथभाऊ, हीच ती.”

पलीकडे गोण्या आपटल्याचा आवाज येत होता.

“म्या तिला नारळ फोडलाय,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

माल

त्या दिवशी आला नाही. पुढच्या खेपेलाही नाही.

शेरा

शेठना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. दोन वर्षं मी झाकून चालवलं आणि तू एका फोनात उघडं केलंस, असं ते मला म्हणाले. झाकण्यात त्यांचीही दलाली सुटत होती, हे मी म्हटलं नाही.

महेंद्र आला तेव्हा शेठनी त्याला आतल्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि तोडगा सांगितला. गाडीचं कपाळ रंगवून घ्यायचं. यादीत मालक म्हणून शेठचं आडनाव टाकायचं. काष्टीला दुसरा ड्रायव्हर जाईल.

“आन मी?”

“तू घरी राहा. वडलांची सेवा कर. त्याच्यासाठीच चाललंय ना सगळं?”

महेंद्रने बशी उचलली, तशीच खाली ठेवली. मग तो माझ्याकडे आला. स्क्रीनवर त्याची ओळ होती. शेवटचा रकाना मोकळा होता, त्यावर त्याने बोट ठेवलं आणि हा कशाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं, शेऱ्याचा. काही विशेष असेल तर लिहायचं. ताडपत्री आहे, टायर नवे आहेत, असं काही.

“लिव्हा,” तो म्हणाला. “नदी न्हाई.”

मी शेठकडे पाहिलं. ते पेपरमागे गेले होते. मी तो शेरा टाइप केला. चार वाजता वायर लावली, मशीन किरकिरलं आणि महेंद्रचा शेरा बारा कचेऱ्यांत गेला.

सोलापूरच्या दलालाचा फोन आला. नदी नाही म्हणजे काय, पूल पडलाय का? सुरतेहून विचारलं, गाडी पाण्यातून न्यायची नाही असं मालकाचं म्हणणं आहे का? कंपनीच्या माणसाने बजावलं, शेऱ्यात कामाचं तेवढंच लिहा. काय म्हणायचंय ते एका माणसाला कळलं असतं, आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

नऊ दिवस गाडी टपरीसमोर उभी राहिली. दहाव्या दिवशी यादीत पंजाबचं भंगार आलं, जाऊनयेऊन सतरा दिवस. त्या दलालाने आडनाव विचारलं नाही, ताडपत्री विचारली. महेंद्रने भाडं घेतलं. निघताना मी काही विचारायच्या आत म्हणाला, दादांना उचलायला शेजारच्या दोघी येत्यात. दादांना लाजल्यासारखं हुतं, पर करत्यात काय. मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, ताई, तुमी आडनाव बरोबर लिव्हलं हुतं, मशीनच लहान हाय.

शेरा (राहिलेला)

काष्टीच्या लिंबाला आता दुसरी गाडी आहे. मालक श्रीगोंद्याचा. त्याच्या गाडीच्या कपाळावर पूर्वी काही नव्हतं. कानिफनाथांनी स्वतः पेंटर बोलावून लिहून घेतलं, जुनं नाव लिंबाला चांगलं लाभलं होतं म्हणून. ‘भीमामाई’. एक ‘मा’ जास्तीचा, आणि खाली निळ्या रंगात तीन लाटा, म्हणजे कुणाला शंका नको.

गाडी बाहेर असली तरी महेंद्रची ओळ यादीत अजून आहे. ‘नदी न्हाई’ पुसायला मला कुणी सांगितलं नाही. रोज अकराला आणि चारला तो शेरा बारा ठिकाणी जातो.

त्याच फोनवर काष्टीची मागणी येते. भीमामाईवाली पाठव, बाई.

मी पाठवते.