उलटं जाकीट

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवायला फुकट शिकवतात, हे ऐकून सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. "फुकटात काय डोंबल शिकवणार!" तरी सून दर शनिवारी जात राहिली. शेवटी तिने सासऱ्यांच्या विरलेल्या दोन पँटींमधून खास सासूबाईंसाठी जाकीट शिवून आणलं.

सासूबाईंनी ते हातात घेतल्या घेतल्या उलटं केलं. वरून काय, सगळंच छान दिसतं. खोट काढायची तर आतून! चष्मा चढवून त्यांनी शिवण न् शिवण तपासली. एकही दोरा कुठे लोंबत नव्हता. आतली प्रत्येक कड जुन्या शर्टाच्या निळ्या पट्टीने नीट झाकलेली होती. सासूबाईंनी जाकीट घडी करून कपाटात ठेवलं आणि सुनेचा जीव टांगणीला लागला.

रविवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. सासूबाई जाकीट घालून, मान ताठ करून सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "आजी, जाकीट उलटं घातलंय तुम्ही."

"डोळे शाबूत आहेत माझे!" सासूबाई कडाडल्या. "सुलट बाजू काय, कुणीही मिरवेल. माझ्या सुनेची शिवण आतून बघा!"