काचेचा फ्लास्क

शेलूबाजारच्या धान्य गोदामावर देवमन चौकीदार होता. घरात दहावी पास झालेला तोच पहिला. साहेबाशी बोलायचं असलं की वस्तीतली माणसं त्यालाच पुढे करायची, त्यामुळे एखादी गोष्ट कळली नाही असं म्हणणं त्याला जडच जायचं.

मे महिन्यात त्याची बायको रत्नमाला तापाने फणफणली. तिला गावातल्या खासगी दवाखान्यात भरती केलं, तरी ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "हे इंजेक्शन वाशीमलाच मिळेल. फ्लास्क घेऊन जा, त्यात बर्फ टाकून आणा. गरम झालं की वाया गेलं."

देवमनने मान हलवली. फ्लास्क त्याने पाहिला होता, शाळेत, विज्ञानाच्या सरांच्या हातात.

वाशीमला शाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्याने तसाच काचेचा घेतला. आत बर्फ कोंबला, मेडिकलमधून घेतलेली इंजेक्शनची बाटली वर सरकवली, तोंडाला बोळा लावला आणि पिशवी मोटारसायकलला अडकवली. डोक्यावर ऊन रणरणत होतं. अर्ध्या वाटेत त्याने पिशवीला हात लावला. काच कोमट लागत होती.

दवाखान्यात साधना सिस्टरने पिशवी उघडली.

"हे काय आणलं भाऊ? फ्लास्क कुठी आहे?"

"हाच तर आहे."

सिस्टरने खाटेकडे बोट दाखवलं. रत्नमालाची बहीण दुर्गाबाई थर्मासमधून चहा ओतत होती. "अहो, त्याले म्हणतात फ्लास्क."

दुर्गाबाईचा हात थांबला. "थर्मास म्हणलं असतं भाऊजी, तर म्या रिकामा करून देल्ला असता."

डॉक्टरांनी ते इंजेक्शन द्यायला नकार दिला. देवमनने चहा मोरीत ओतला, थर्मास खंगाळला आणि पुन्हा वाशीम गाठलं. परत आला तेव्हा रत्नमालाच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"वेळेवर मिळालं असतं, तरी वाचल्या असत्या असं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. देवमनला ते वाक्य ना धरता आलं ना सोडता आलं.

पुढे भेटायला माणसं येत राहिली. शेजारच्या धनीबाईने देवमनला विचारलं, "इंजेक्शन भेटलंच नाही काय, बाप्पा?"



"भेटलं होतं," दुर्गाबाई म्हणाली. "आणेपर्यंत उशीर झाला." आणि देवमनकडे न पाहता ती पाणी आणायला आत गेली.