मळगेहाळचं वाण

शुभदाला गावं घडवायची हौस होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. घरभाडं मात्र असतं. पुण्याहून बेंगळूरला आलेली ही मुलगी नगररचनाकार. कोरमंगल्यातल्या एका बड्या कंपनीत मॉलची पार्किंगं आखून आखून तिचा जीव विटला, तेव्हा तिने नोकरी सोडली, बेंगळूरच्याच शिवाजीनगरात सुनंदाबाईंच्या घराचा वरचा मजला घेतला आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. त्या पाटीला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मळगेहाळचं, आणि तेही सुनंदाबाईंच्या शब्दावर. त्यांचं माहेर मळगेहाळ. गल्लीतल्या निम्म्या मराठी घरांची मुळंही तिथलीच.

मळगेहाळ म्हणजे सीमेलगतचं, धड खेडं नाही आणि धड शहर नाही असं गाव. पुढच्या पंचवीस वर्षांत ते कुठे आणि कसं वाढावं, याचा आराखडा पंचायतीचे अध्यक्ष आप्पाजी यांना हवा होता. अडचण एकच. शुभदाचा जुना सहकारी अभिराज यानेही आप्पाजींना गाठलं होतं. त्याने एक फिल्म केली होती. तिच्यात मळगेहाळात काचेचे मनोरे उभे होते आणि बाजारतळावर हेलिकॉप्टर उतरत होतं. आप्पाजींनी ती इतक्या वेळा पाहिली होती की हेलिकॉप्टरमधून आपणच उतरतोय, असं त्यांना वाटू लागलं होतं. रविवारी ते यशवंतपूर स्टेशनवर गाडीतून उतरणार, आधी शुभदाचं काम बघणार आणि पटलं नाही तर तसेच कोरमंगल्याला अभिराजकडे जाणार, असं ठरलं होतं. काम हातचं गेलं तर पाटी उतरवायची आणि पुन्हा पार्किंग आखायची, हे शुभदाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिने बसस्टँडच्या बाबतीत माघार घेतली होती. तिच्या मते स्टँड गावात, दवाखान्यासमोर हवा होता. पण आप्पाजींच्या मेव्हण्याची हायवेला जमीन होती, आणि मेव्हण्याची जमीन म्हटल्यावर आप्पाजींना गावाचं भविष्य आपोआप त्याच दिशेला दिसायचं. ‘‘स्टँड हायवेला, म्याडम. बाकी तुमचं ज्ञान,’’ असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं. शुभदाने दात-ओठ खाऊन नकाशावर स्टँड हायवेला नेला.

फिल्मला उत्तर म्हणून तिने गावाची लाकडी प्रतिकृती करून घेतली होती. गावाचे रस्ते रंगवलेला पाट वरच्या मजल्यावर टेबलावर मांडून तयार होता. पाण्याची टाकी, शाळा, दवाखाना, भाजीमंडई, स्टँड असे सुबक रंगवलेले ठोकळे शनिवारी खोक्यातून यायचे होते. शनिवारी ती दिवसभर नकाशे छापून घेत हिंडली. संध्याकाळी परतली तर जिन्याखाली चपलांचा खच, आणि सुनंदाबाई दारात, अत्तराच्या घमघमाटात.

‘‘काकू, माझं खोकं आलं का?’’

‘‘तुझं काही नाही आलं. माझं वाणाचं आलं की! दरवर्षी त्या प्लास्टिकच्या डब्या देऊन मलाच लाज वाटायची. यंदा आमच्या दुकानवाल्या संतोषकुमारने काय सुंदर लाकडी घरं पाठवलीत! बायका नुसत्या खुळावल्या. एकीला टाकी मिळाली, ती म्हणते, मला पण घर हवं.’’

शुभदा आत धावली. खोक्याच्या तळाशी कागदाचे बोळे तेवढे उरले होते. पंचवीस वर्षांनंतरचं मळगेहाळ संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटलं गेलं होतं. तिळगूळ देऊन, कानडी रिवाजाचं एळ्ळु-बेल्ल देऊन, वर अत्तर लावून.

काय झालं ते कळल्यावर सुनंदाबाई मटकन खाली बसल्या. पण शुभदा म्हणाली, ‘‘मी जाऊन एकेक परत घेऊन येते,’’ तशा त्या ताडकन उठल्या.

‘‘अय्यो! दिलेलं वाण परत मागायचं? सवाष्णीच्या हातातनं काढून घ्यायचं? माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही!’’

‘‘काकू, उद्या आप्पाजी येतायत. मी त्यांना काय दाखवू? रिकामा पाट?’’

शुभदा खरोखरच घाबरली होती. सुनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. ‘‘हे बघ, परत मागता येत नाही. पण वाण घेऊन फराळाला या, असं सांगता येतं. ज्या त्या बाईने आपल्या हाताने ठेवावं. सरी?’’

शुभदा काय म्हणणार? ‘बरं’ म्हणायच्या जागी तीही सरी म्हणाली.

रविवारी सकाळी उप्पिट आणि केसरीभाताच्या वासावर अख्खं मळगेहाळ शिवाजीनगरच्या त्या जिन्याने वर चढलं. दवाखाना रात्रभर देव्हाऱ्यात राहून आला होता. त्याच्या छपरावर हळदीचं बोट उमटलं होतं. शाळेला कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून काळा ठिपका दिला होता. शुभदा नकाशा घेऊन प्रत्येकीला जागा दाखवत होती आणि प्रत्येकीचं त्यावर म्हणणं होतं. टाकीवाल्या बाईंनी टाकी टेकडीवर ठेवायला साफ नकार दिला, कारण टेकडीखाली त्यांच्या मोठ्या जावेचं घर होतं आणि पाणी तिला आधी मिळालं असतं. त्यांची समजूत घालण्यात केसरीभाताची एक वाढीव वाटी खर्ची पडली. मंडई जागेवर बसली, शाळा बसली. उरला बसस्टँड. तो शेजारच्या घरच्या सुनेला, वाणीला मिळाला होता. तिची आई मळगेहाळात एकटी राहायची.

‘‘इथे, हायवेला ठेव,’’ शुभदा म्हणाली.

वाणीने पाट नीट न्याहाळला आणि स्टँड दवाखान्यासमोर ठेवला.

‘‘अगं, तिथे नाही!’’

‘‘मग कुठे? हायवेवर उतरून आईच्या घरी स्वल्प अंतर आहे का? मी नाही ठेवणार. वाण माझं आहे की नाही, अक्का?’’

‘‘तुझंच,’’ सुनंदाबाईंनी निवाडा दिला. शुभदाला रडावं की हसावं कळेना. आपल्या मनातली जागा ही मुलगी न सांगता ओळखते, आणि नेमकं त्याच पायी आपलं काम बुडणार!

तेवढ्यात आप्पाजी आले. खादीचा कडक सदरा, मागे पिशव्या सांभाळत त्यांची बायको तुंगाक्का. मुलगी रम्या इथे कोरमंगल्यात नोकरी करायची, तिला भेटायला म्हणून त्याही आल्या होत्या. आप्पाजींनी पाटाभोवती एक फेरी मारली. टाकी पाहिली, शाळा पाहिली, मान डोलावली. स्टँडपाशी मान थांबली.

‘‘म्याडम, हे इथे कसं आलं?’’

‘‘ते... वाणीने ठेवलंय. तिचं वाण आहे.’’

‘‘गावाचा स्टँड वाणात कुणी दिला?’’

सगळी हकीगत ऐकून ते आधी हसले, मग गंभीर झाले. ‘‘ठीक आहे. आता उचला आणि हायवेला ठेवा.’’ कुणीच हात पुढे केला नाही. वाणी तर स्टँडजवळ राखणीला बसल्यासारखी बसली. आप्पाजींनी घड्याळ पाहिलं. ‘‘मग आम्ही निघतो. कोरमंगल्याला पोचायचं तर गर्दी लागेल.’’

शुभदाने त्या क्षणी मनातल्या मनात पाटी उतरवलीसुद्धा.

‘‘असं कसं निघता?’’ सुनंदाबाई आडव्या आल्या. ‘‘तुंगाक्का पहिल्यांदाच घरी आल्या, त्यांना हळदीकुंकू नको?’’ त्यांनी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि मग जीभ चावली. वाण संपलं होतं. सवाष्ण दारातून रिकामी जाणार म्हणून त्या रडकुंडीला आल्या.

वाणीच उठली. तिने स्टँड उचलला आणि तुंगाक्कांच्या ओटीत घातला. ‘‘माझं घ्या, अक्का. तुम्ही गावात राहता. माझ्यापेक्षा तुमचा मान मोठा.’’

आप्पाजींचा चेहरा उजळला. निघायला उचललेली पिशवी खाली ठेवत ते म्हणाले, ‘‘वा! हे बरं झालं. ठेव गं. हायवेला, तिथे मोकळी जागा दिसतेय बघ.’’

लग्नाला तीस-एक वर्षं झालेल्या माणसाची ती खात्री होती. शुभदानेही सुटकेचा निःश्वास सोडला, आणि सोडताना तिला स्वतःचीच थोडी शरम वाटली.

तुंगाक्का पाटापाशी आल्या. हायवे कुठला, गाव कुठलं, त्यांनी वाणीला विचारून घेतलं. मग त्यांनी स्टँड दवाखान्यासमोर, होता तिथेच, नेमका ठेवला.

‘‘अगं, तिथे नाही. हायवेच्या फाट्यावर!’’

‘‘फाटा मला माहीत आहे,’’ तुंगाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक होता. ‘‘रम्या बेंगळूरहून येते तेव्हा पहाटे फाट्यावर उतरते. तुम्ही झोपलेले असता. बॅटरी घेऊन मी उभी असते. बस उशिरा आली तर कुत्री भोवती जमतात. मला लई भीती वाटते.’’

आप्पाजी बायकोकडे वळले. ‘‘ती तर रिक्षाने येते ना?’’

‘‘त्या वेळेला कुठली रिक्षा? तुम्ही कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.’’

टाकीवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. आप्पाजींनी सदऱ्याचं वरचं बटण उगाच उघडून लावलं, आणि शेवटी जरा हळू, पण हट्टाने म्हणाले, ‘‘अगं, पण ती जमीन तुझ्याच भावाची आहे!’’

‘‘माहीत आहे की. भाऊ मोटारीतनं फिरतो.’’

आप्पाजी पाटावर वाकले. फाट्यापासून त्यांच्या घरापर्यंतची वाट शुभदाने पिवळ्या रंगात रंगवली होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवत नेलं, ते मध्येच थांबलं. बहुधा तिथे दिवे नाहीत, हे त्यांना आठवलं असावं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

‘‘म्याडम, कागद आणा. कुठे सही करायची ते दाखवा,’’ ते म्हणाले, आणि सही करता करता बायकोकडे न बघताच पुढे म्हणाले, ‘‘रम्या आता कधी यायचीय?’’

‘‘पुढल्या शनिवारी.’’

‘‘बॅटरी कुठे ठेवतेस, ती मला दाखवून ठेव.’’